शेळगावची बोरं आणि कादंबरीकाराची पत्रं

मी पणदऱ्याच्या शाळेत मराठी शिकवायचे. घर बारामतीत. मराठीची बाई म्हटलं की लोकांना वाटतं, ही कविता करत असणार. मी कविता करत नाही. मी लेखकांच्या हातची पत्रं जमवते. साड्यांच्या दोन खोक्यांत ती मावतात, आणि त्या साड्या गेली कित्येक वर्षं कपाटावर उघड्या पडल्या आहेत.

हा नाद वडिलांमुळे लागला. ते इंदापूरच्या पोस्टात होते. ज्या पाकिटांवरचा पत्ता कुणालाच लागत नसे, ती त्यांच्यापुढे यायची. घरी आल्यावर ते जुन्या कॅलेंडरच्या मागे एखादं वेडंवाकडं अक्षर गिरवून दाखवायचे आणि विचारायचे, "सांग, काय आहे हे?"

"सणसर?"

"नीट बघ. सरडेवाडी."

चुकले तर चहा करावा लागायचा. त्यामुळे वयाच्या दहाव्या वर्षी मला उत्तम चहा येत होता, आणि बाराव्या वर्षी डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा वाचता येत होती.

आठवीत आम्हाला एका मोठ्या लेखकाचा धडा होता. धड्याखाली प्रश्न होता, 'लेखकाला येथे काय म्हणायचे आहे?' मला उत्तर येईना. मग मी बुद्धविहारातल्या वाचनालयात त्यांचं पुस्तक काढून मागच्या पानावरचा पत्ता उतरवून घेतला आणि थेट लेखकालाच कार्ड टाकलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. दोनच ओळी होत्या: 'मलाही नक्की आठवत नाही. तुमच्या बाईंना विचारावे.' मी ते कार्ड बाईंना दाखवलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला आठवडाभर मागच्या बाकावर बसवलं. पण कार्ड माझ्याकडे राहिलं. संग्रहातलं ते पहिलं.

पुढे नोकरी लागली तशी मी लेखकांना नेमाने पत्रं लिहू लागले. बहुतेकांचं उत्तर एकच असे, 'पत्र मिळाले. आभार.' एकांनी तीनशे पानांची हस्तलिखित कादंबरी पाठवून अभिप्राय मागवला. दुसऱ्या एकांना वाटलं, मी त्यांच्या मुलासाठी स्थळ सुचवते आहे. त्यांनी मुलाचं शिक्षण, उंची आणि पत्रिका कळवली. तेही पत्र मी जपून ठेवलं आहे, कारण अक्षर फार देखणं आहे.

सगळ्यात अभिमान होता तो एका वयोवृद्ध कवीच्या अकरा पत्रांचा. एकदा वाचनालयाने मला व्याख्यानाला बोलावलं. मी ती पत्रं मोठी करून पडद्यावर दाखवली. "ही वेलांटी पाहा," मी म्हणाले, "किती हळुवार वळण आहे! कवीचं सारं मन या वेलांटीत उतरलंय." आमचे हे पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. व्याख्यान संपल्यावर मागून एक बाई उठून पुढे आल्या. बारामतीत भावाकडे आल्या होत्या.

"छान बोललात हो," त्या म्हणाल्या. "फक्त ती वेलांटी माझी आहे. मी त्यांची सून. मामंजींचा हात थरथरायचा, म्हणून पत्रं मीच लिहायचे. निम्मी तर मनानंच लिहिली आहेत."

"आणि सही?" मी विचारलं.

"तीसुद्धा."

आम्ही घरी आलो. कुलूप उघडताना हे म्हणाले, "मग आता सुनेची पत्रं म्हणून ठेव. बाई लिहिते चांगलं."

त्यानंतर वर्षभर मी कुणालाच पत्र लिहिलं नाही.

मग एका पालकसभेत, मुलीचे मार्क बघायला आलेल्या एका आईने सहज सांगितलं, "बाई, तुमाला पत्रांचा नाद हाय म्हनं. माझं माहेर शेळगावचं. तितं एक तात्या हायेत. त्यांच्याकडं एका लेखकाची लय पत्रं हायेत. बिस्किटाच्या डब्यात ठिवल्यात."

"कोण लेखक?"

तिने नाव सांगितलं आणि मी हातातली मार्कांची यादी टेबलावर ठेवली. ते नाव इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की त्यांच्या कादंबऱ्या वाचून आमची अख्खी पिढी रडलेली आहे, आणि ते कुणाच्याही पत्राला उत्तर देत नसत म्हणून प्रसिद्ध होते. मी स्वतः त्यांना चार पत्रं लिहिली होती. पाचवं लिहिणार तोवर ते वारले. आणि शेळगावात त्यांच्या पत्रांनी डबा भरलेला!

पुढच्याच रविवारी मी आणि हे स्कूटरवरून निघालो. कारखाने चालू होते, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. एका ट्रॉलीच्या मागे आम्ही इतका वेळ राहिलो की मला तिच्या मागच्या फळीवरचं सगळं लिखाण पाठ झालं.

तात्या ऐंशीच्या घरातले, ताठ, पांढरंशुभ्र धोतर. त्यांची कारभारीण त्यांच्या खांद्याला लागेल एवढी, पण आवाज विहिरीच्या पलीकडे जाईल असा. सगळं गाव त्यांना काकी म्हणायचं. आमचा चहा होईपर्यंत तात्यांनी हकिकत सांगितली. पन्नासेक वर्षांपूर्वी त्या लेखकांचं इंदापूरला भाषण होतं. येताना त्यांची गाडी शेळगावच्या अलीकडे ओढ्यापाशी बंद पडली. तात्या नवीन ट्रॅक्टर घेऊन रानात चालले होते.

"मी म्हनलं, बसा मडगार्डवर," तात्या म्हणाले. "कडक इस्त्रीचा झब्बा. पर बसले. ओढ्याकडं बोट करून कायतरी वरडून सांगाय लागले. ट्रॅक्टरचा आवाज. मला 'बोर, बोर' एवढंच ऐकाय आलं. ओढ्याच्या कडंला आमचं बोरीचं झाड हायेच. म्हनलं, पाठीवतो की!"

"आन मग त्यांचं पत्र आलं," काकी म्हणाल्या. "बोरं पाठवा म्हनून. एवढा मोठा मानूस, पर बोरांवर लय जीव त्यांचा. म्या दरसाल निवडून, पुसून, फडक्यात बांधून द्यायची. हे यष्टीनं पुन्याला पाठवायचं. बाई, मला वाचता येत न्हाय. ह्यांनी वाचलं ते ऐकलंय, पर तुमी एकदा वाचा की. तुमचं वाचनं चांगलं असंल."

तात्यांनी डबा आणला. एकोणीस पत्रं. अक्षर मला दुरूनच ओळखू आलं. कादंबऱ्यांच्या पहिल्या पानावर त्यांची सही छापलेली असे, तेच मुंग्या पळाल्यासारखं अक्षर. मी पहिलं पत्र उघडलं आणि मोठ्यानं वाचू लागले.

'आपण त्या दिवशी ट्रॅक्टरवरून वेळेत पोहोचवलेत, आभारी आहे. ओढ्याकाठी पाहिलेले बो…'

तिथे मी थांबले. वडिलांनी कॅलेंडरच्या मागे गिरवून दिलेली सगळी अक्षरं डोळ्यांपुढून गेली. ते 'बोरे' नव्हतं. 'र' च्या खाली स्पष्ट, लांबलचक ऊकार होता. बोरू! लिहायचा बोरू, ओढ्यातल्या काडीची लेखणी. पुढचं वाक्य मी मनात वाचलं: 'पुण्यात हल्ली चांगले मिळत नाहीत. वीतभर लांबीचे असावेत, ओले नसावेत.'

वीतभर लांबीचं बोर!

मी मान वर केली. काकी हनुवटीला हात लावून, डोळे मिटून ऐकत होत्या. तात्या माझ्याकडे रोखून बघत होते. मग ते मोठ्याने खोकले, आणि तो खोकला आजाराचा नव्हता.

"…बोरे फार आवडली," मी वाचलं. "जमल्यास थोडी पाठवावीत."

"बगा!" काकी म्हणाल्या.

बाकीच्या पत्रांत अशी लपवालपवी फारशी करावी लागली नाही. दुसऱ्यात होतं, 'बोरे पोहोचली. गोड आहेत. मी बोरूंविषयी लिहिले होते, पण असो.' हे मी 'बोरे पोहोचली, गोड आहेत' एवढंच वाचलं. तिसऱ्यात, 'यंदाही बोरेच पोहोचली. असो.' पाचव्यापासून 'असो' दिसेनासा झाला. नवव्यात होतं, 'डिसेंबर संपत आला, बोरे अजून आली नाहीत. घरी सर्व ठीक ना? नात रोज विचारते.' आणि शेवटच्या पत्रात, 'आता दात राहिले नाहीत. तरी पाठवावीत. चघळतो.'

चार पत्रांना ज्यांनी मला उत्तर दिलं नाही, ते लेखक शेळगावात बोरांची चौकशी करत होते. मला हसू येत होतं आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटत होतं. बोरं पाठवायची अक्कल मला का आली नाही?

निघताना तात्या आम्हाला स्कूटरपर्यंत सोडायला आले. घराकडे पाठ करून हळूच म्हणाले, "बाई, एक शबुद गिळलात तुमी. बरं केलंत."

"तात्या, तुम्हाला माहीत होतं?"

"मी बी सातवी पास हाय. पयल्या दिशी 'बोरू'च वाचलं हुतं. पर बोरू म्हंजे आमच्यात ताग. रानात पेरून गाडायचा, खत म्हनून. लेखकाला पुन्यात ताग कशाला? म्हनलं, चुकून उकार पडला असंल. मोठ्या मानसाचं चुकलेलं दुरुस्त करून घ्यावं."

"आणि वीतभर लांबीचं?"

"म्हनलं, थट्टा करत्यात. लेखक मानूस."

"मग कळलं कधी?"

"दुसऱ्या पत्रात परत 'बोरू' आलं, तवा शंका आली. तिसऱ्या वर्साला गठुडं घिऊन सोता गेलो त्यांच्या घरी. त्यांनी टेबलावरचा एक जुना बोरू दाखीवला. लय हसलो दोघं. म्हनलं, पुढच्या बारीला काड्याच आनतो. तर म्हनले, नगं. वहिनींना कळलं तर त्यांना वाईट वाटंल. बोरंच पाठवा." तात्यांनी धोतराचा सोगा सावरला. "तवापासनं गप हाय. तिला सांगू नगा."

मी शब्द दिला. हेही "मी तर ऐकलंच नाही" म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

पण पत्रं लपवून ठेवणं मला जमत नाही. मराठी भाषा दिनाला मी शाळेत प्रदर्शन भरवलं. तात्यांनी झेरॉक्स काढायला डबा दिला, फक्त पहिली दोन पत्रं मांडू नका म्हणाले. दुसरं मी ठेवून दिलं, पण पहिलंच न मांडता मालिका सुरू कशी करायची? संग्राहकाची हाव वाईट असते. मी ते पत्र सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, कुंडीच्या मागे लावलं. तात्या आणि काकी पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत. काकींनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं.

प्रमुख पाहुणे म्हणून एका कॉलेजातले प्राध्यापक आले होते. हा माणूस बाकी सगळं सोडून नेमका कुंडीमागे वाकला. मग माईकवर आले आणि म्हणाले, "या संग्रहातलं सर्वांत मौलिक पत्र पहिलं आहे. बॉलपेनाच्या जमान्यातही या महान लेखकाला बोरूनं लिहायची ओढ होती! ऐका." आणि त्यांनी ते अक्षर न् अक्षर वाचलं. वर बोरू म्हणजे काय, तो कसा तासतात, टोकाला चीर कशी देतात, हेही समजावून सांगितलं. त्यांना ते फार छान येत होतं.

पहिल्या रांगेत काकी उभ्या राहिल्या.

"काय म्हनलात? परत वाचा."

प्राध्यापकांना वाटलं, ग्रामीण भागात रसिकता अजून शिल्लक आहे. त्यांनी आनंदाने परत वाचलं. 'वीतभर लांबीचे असावेत.'

काकींनी स्वतःच्या हाताची वीत डोळ्यांसमोर धरली, तिच्याकडे पाहिलं. मग तात्यांकडे पाहिलं. तात्या छताच्या पंख्याकडे बघत होते.

"अवो," काकी म्हणाल्या, आणि त्यांना माईकची गरज नव्हती, "त्यांनी काड्या मागितल्या, आन तुमी माझ्याकडनं एवढी वर्सं बोरं पुसून घेतली?"

सभागृह हसलं. मुलं तर बाकं बडवू लागली. प्राध्यापक गोंधळून हेडमास्तरांना विचारत होते, "कार्यक्रमात हे होतं का?" एकट्या काकी हसत नव्हत्या. पुढे केलेला पेढा त्यांनी तसाच बशीत ठेवला. जाताना जीपमध्ये त्या पुढे बसल्या आणि तात्यांना मागे बसावं लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिलेला शब्द मी कुंडीच्या भरवशावर ठेवला होता.

आठ दिवसांनी तात्यांचा फोन आला. "बाई, या. तिनं बोलावलंय." आवाज बारीक होता.

मी एकटीच गेले, एसटीने. वाटेत माफीचं भाषण तयार केलं होतं, पण काकींनी ते करू दिलं नाही. ओसरीवर एक जुडी ठेवली होती. ओढ्यातल्या बोरूच्या काड्या, वाळवलेल्या, सगळ्या एका मापाच्या, जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेल्या.

"मोजून कापल्यात," काकी म्हणाल्या. "माझी वीत ल्हान हाय, म्हनून बोटभर जास्त ठिवल्या. मागनाऱ्यानं जे मागितलं ते मिळाय पायजे हुतं. आता ते न्हाईत. तर त्यांच्या घरी नेऊन द्या. आन सांगा, आमाला समजलं नव्हतं. मुद्दाम न्हाय केलं."

"काकी, चूक माझी आहे. मी ते पत्र लावायला नको होतं."

"व्हय, नगंच हुतं," काकी म्हणाल्या. "चा घ्या."

लेखकांच्या कन्या पुण्यात त्याच घरात राहतात. साठीच्या, शांत बाई. मी जुडी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळी हकिकत सांगितली. त्यांनी लुगड्याचा काठ सोडला, एक काडी उचलून बोटांवर फिरवली. मग माझ्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, "बोरं नाही का आणलीत?"

मी नाही म्हणाले.

"बाबा गेल्यापासून आमच्याकडे बोरं आली नाहीत. विकतची आणतो, पण ती नुसती दिसायला. शेळगावचं गाठोडं आलं की बाबा लिहिणं बंद करायचे. सगळ्या मजल्यांवर स्वतः वाटायला जायचे. कुणाच्या पत्राला उत्तर न देणारा माणूस, पण शेळगावच्या पत्राला त्याच दिवशी उत्तर लिहायचे."

त्या आत गेल्या आणि एक फाईल घेऊन आल्या. आत तात्यांची पत्रं होती, सगळी, तारखेप्रमाणे लावलेली. "ही घेऊन जा. ज्यांची त्यांना द्या."

परत येताना एसटीत मी फाईल मांडीवर ठेवून बसले. इतकी वर्षं मी पत्रं जमवत होते, पण लेखकांना आलेली पत्रं कुणी जपत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. माझी चार पत्रं फाईलमध्ये आहेत का, हेही मी पाहिलं. नव्हती.

दुसऱ्या रविवारी शेळगावला गेले. लेखकांच्या कन्येने बोरांची आठवण काढली, हे मी काकींना सांगितलं. त्यांनी पदराने उगाच चष्मा पुसला, जो त्या फक्त बाहेर जाताना लावत. मग म्हणाल्या, "ह्यांची पत्रं वाचा. म्या सांगायची, हे लिवायचं. बगू काय काय हाय."

तात्या उठले. "मी जरा गोठ्यात जाऊन येतो."

"बसा हितंच."

मी पहिलं वाचलं. 'बोरे पाठवली आहेत. पोहोच कळवावी. आपला.' दुसरं वाचलं. तेवढंच. तिसरं, चौथं, सगळी तेवढीच.

"मिठाचं लिवलंच न्हाय?" काकी म्हणाल्या. "उरलेल्या बोरांना मीठ लावून वाळवा म्हनून सांगितलं हुतं. आन त्यांच्या मालकिनीच्या गुडघ्याला निरगुडी सांगितली, ती? थोरलीच्या बाळंतपनाचं सांगितलं. म्हस आटली ते सांगितलं. माझं एक पान भरून सांगनं असायचं!"

"कार्डावर जागा किती असती?" तात्या म्हणाले.

"पाकीट घ्यायचं हुतं."

 काकींनी फडताळातून वही काढून माझ्यापुढे ठेवली. "बाई, तुमी लिवा. पुन्याच्या पोरीला. ह्यांचा भरवसा न्हाय."

मी लिहायला बसले. काकींनी पार थोरलीच्या बाळंतपणापासून सुरुवात केली. मीठ आलं, निरगुडी आली, आटलेली म्हैस आणि तिच्या जागी घेतलेली जर्सी आली. बोरीचं झाड म्हातारं झालंय, निम्म्या फांद्या वाळल्यात, तरी गेल्या दोन सालांत बोरं चांगली धरलीत, हेही आलं. मध्ये एका ठिकाणी मी सवयीने वाक्य थोडं सुधारून लिहिलं. काकींनी लगेच विचारलं, "काय लिवलं? वाचून दावा."

मी वाचलं.

"आसं म्हनले न्हाय मी," काकी म्हणाल्या. "म्या म्हनलं तसं लिवा."

मी ते खोडलं आणि त्या म्हणाल्या होत्या तसं लिहिलं. चार पानं झाली. तोवर तात्यांनी, कुणी न सांगता, बोरांचं गाठोडं बांधून सायकलला अडकवलं होतं.